सोडा म्हणायचं राहून गेलं

"श्वास सोडा म्हणायला विसरलात, बाई," जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढत ती उंच पेशंट म्हणाली, आणि फोटोची वाट न बघता निघून गेली. आवाजात राग नव्हता. रस्त्यात एखाद्याला तुमच्या पिशवीचं तोंड उघडं राहिलंय म्हणून सांगावं, तसं सांगितलं. एक्स-रेच्या खोलीतल्या बाई शिशाचा जड एप्रन खुंटीला अडकवत होत्या. एप्रन अडकला, पण हात खुंटीवरून खाली यायचं विसरला. बाहेरच्या बाकांवर माणसं खोळंबली होती, पुढच्याला आत घ्यायला हवं होतं, आणि बाईंच्या डोक्यात एवढंच फिरत होतं की हे खरं आहे, आपण विसरलो. उभा जन्म या खोलीत गेला, किती छात्या एक्स-रेच्या पाटीला टेकल्या त्याची गणती नाही, आणि प्रत्येक छातीला त्यांनी तेच तीन हुकूम दिले होते. श्वास घ्या. रोखून धरा. सोडा. ज्यांना काही कळत नाही त्या तान्ह्या पोरांनासुद्धा, सवयीने. नवरा थट्टेने म्हणायचा, "तुझ्या तोंडून 'सोडा' ऐकायचं तर आजारीच पडावं लागतं. घरात तू कोणाला सोडत नाहीस." पहिले दोन हुकूम यंत्राच्या सोयीचे. तिसऱ्याशी यंत्राला काही देणंघेणं नसतं, फोटो होऊन गेलेला असतो. तो नुसता माणसासाठी असतो, आणि आज तोच राहिला.

तशी सुरुवात दारातच झाली होती. चिठ्ठीवरचं नाव बाईंनी आपल्या खड्या आवाजात पुकारलं. त्या आवाजाचा त्यांना अभिमान होता; बहिऱ्या म्हाताऱ्यांनाही एका हाकेत उठवणारा आवाज. नाव पुरुषाचं होतं, आणि बाकावरून उठली ती बाई. सगळ्या माना आधी नावाकडे आणि मग तिच्याकडे वळल्या. एका आईने लेकराला जवळ ओढलं. बाईंनी पुन्हा चिठ्ठीत पाहिलं, जणू चूक चिठ्ठीची, आणि खात्री करायला तेच नाव आणखी एकदा घेतलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. "मीच," ती म्हणाली. "जुनं नाव आहे. कागदावरून अजून निघालेलं नाही." आत आल्यावर तिने जे झालं ते थोडक्यात सांगितलं. ती मोटार शिकवते, पुलाच्या उताराशी तिची शाळा आहे. काल शिकणाऱ्याने ब्रेक समजून भलतंच दाबलं, गाडी उभ्या ट्रकवर गेली, पट्ट्याने छाती आवळली. "गाडीला फारसं नाही लागलं," ती म्हणाली, "ट्रकवाल्याचं तोंड मात्र जोरात सुटलं." बाईंना हसू आलं होतं. गाऊन हातात देताना त्यांनी विचारलंही, की दुखतं कुठे. म्हणजे माणूस म्हणून आपण काही अगदीच वाईट वागलो नाही, असं बाई दिवसभर स्वतःला सांगत राहिल्या. माणूस स्वतःचा वकील स्वतःच असला की खटला लवकर संपतो. पण हा काही संपेना.

छातीचा फोटो काढताना पेशंटला यंत्राकडे पाठ करून उभं करतात. छाती पाटीला टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. गाऊन मागून उघडा असतो. पेशंटला समोरच्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. बाजूला काचेची छोटी खोली, तिथे बाई उभ्या राहतात आणि माइकमधून हुकूम देतात. त्या माइकचं बटण दाबलं की कधीकधी आतच अडकून बसायचं. नखाने उचकटलं की सुटायचं. दुरुस्तीला सांगून सगळे थकले होते, आणि शेवटी नख हीच दुरुस्ती होऊन बसली होती. बाईंनी "श्वास घ्या, रोखून धरा" म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच आतल्या दाराने थोरले डॉक्टर आले, मागे त्यांचे शिकाऊ. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. "थांबा, लगेच घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. मग शिकाऊंना म्हणाले, "बघा. खांदे बघा, कंबर बघा. ओळखा पाहू, काय आहे ते." एक शिकाऊ म्हणाला, "सर, नावात एक, गाऊनात एक." हसणं झालं. दुसऱ्याने आणखी काही विचारलं, ते बाईंना आठवायचं नव्हतं, आणि डॉक्टरांनी त्याचं उत्तर शिकवायच्या सुरात दिलं, पाठीवरून खाली बोट फिरवत, काचेवरच. बाई हसल्या नाहीत. पण सगळे हसत असताना आपला चेहरा जितका सैल सोडावा लागतो तितका त्यांनी सोडला होता. बोट फोटोच्या बटणावर तसंच होतं. पलीकडे ती पाठ आधी स्थिर होती, मग थरथरू लागली, मग खोकल्याची उबळ आली, आणि दचकून बाईंचं बोट दाबलं गेलं. पडद्यावर हललेला फोटो उमटला. "हललं," डॉक्टर म्हणाले. "सहकार्य करत नाहीत ही मंडळी. पुन्हा घ्या." आणि गेले. तेव्हा बाईंना माइकच्या शेजारचा बारका हिरवा दिवा दिसला. तो सगळा वेळ लागलेला होता. सगळं त्या खोलीत ऐकू गेलं होतं, पेशंट भिंतीकडे तोंड करून श्वास रोखून उभी असताना.

संध्याकाळी घरी भाजी चिरताना बाईंच्या लक्षात आलं की आपण श्वास घेऊन तसाच धरून ठेवला आहे. सोडला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. नळाखाली हात धरला तरी तेच, बाल्कनीतले कपडे काढतानाही तेच. जणू कुणीतरी हुकूम देऊन निघून गेलं होतं. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि नेहमीची थट्टा गिळली. "काय झालं?" "काही नाही. फोटो बिघडला एक." "मग पुन्हा काढ." "पेशंट गेली." "येईल की. दुखलं की येतात." बाईंना वाटलं याला सगळं सांगावं. पण सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? नावापासून सुरुवात केली तर ओरडणारी मीच. काचेपासून केली तर उभी राहिलेली मीच. डॉक्टरांपासून सुरुवात करणं सोपं होतं, आणि म्हणूनच ती करावीशी वाटेना. शिवाय थोरले डॉक्टर म्हणजे या घरातला देवमाणूस. नवऱ्याच्या आजारपणात ते रोज जिना चढून वर यायचे, पलंगावर बसायचे, बाईंच्या हातचा चहा प्यायचे. वाईट माणूस वाईट वागला की मनाला बरं असतं, दोन शिव्या घातल्या की मोकळं होतं. चांगला माणूस वाईट वागला की त्याचं काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

आणि मग, चिरलेल्या भाजीचं ताट पुढ्यात असताना, ते स्टूल आठवलं. लाकडाचं, एक पाय आखूड. बाई तेव्हा शाळकरी पोर होत्या आणि त्यांच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, एक पांढरा डाग उठला होता, तळहाताएवढा. आई त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मुलीला स्टुलावर उभं केलं, फ्रॉकची बटणं सोडून तो कमरेपर्यंत खाली केला, आणि पांढऱ्या कोटातल्या पोरांना आत बोलावलं. पेनाचं थंड टोक डागाच्या कडेने फिरलं. "सांगा. इथून इथपर्यंत काय दिसतं?" प्रत्येक जण जवळ येऊन बघून गेला. एकाच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता, तो अजून ओळखता येईल. आई समोर फ्रॉकची बाही घट्ट धरून उभी होती, आणि तिने हळूच सांगितलं, "डोळे मिट. म्हणजे कोणी दिसत नाही." मुलीने डोळे मिटले. दिसेनासे झाले, पण ऐकू येत राहिले, आणि आखूड पायाचं स्टूल तिच्या थरथरण्याने टकटक वाजत राहिलं. परतताना आई म्हणाली, "घरी कोणाला बोलू नकोस. त्यांचं कामच असतं ते." आई मायेनेच बोलली होती, यात शंका नाही. डाग पुढे वाढला नाही आणि गेलाही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा पाठ दाखवताना बाईंनी दिवा घालवला होता. पुढे हे शिक्षण, ही नोकरी, ही काचेची खोली. लोक विचारायचे, या कामात कशी काय पडलीस? काय सांगायचं? आता भाजीचं ताट बाजूला सारताना त्यांना अगदी स्पष्ट कळलं, की काचेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते त्या मुलीने स्टुलावरच ठरवून टाकलं होतं. ती बाजू मिळाली. आणि तिथून त्यांनी काय पाहिलं, तर पाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो बिघडलेला फोटो पडद्यावर पुन्हा काढला. हललेल्या फोटोत बरगड्या दुहेरी दिसतात, एकीला दुसरीची सावली. पण वर डावीकडे, गळपट्टीच्या हाडाखाली, एक बारीक रेघ होती. ती हलल्यामुळे उमटली असेल. किंवा ती फुफ्फुसाची कड असेल. मार लागून फुफ्फुसाबाहेर हवा साचली की फुफ्फुस आखडतं आणि त्याची कड अशीच रेघेसारखी दिसते. असं असेल तर ते वाढतं. मग माणूस बोलता बोलता दम लागून खाली बसतो, आणि कधीकधी पुन्हा उठत नाही. नीट काढलेल्या फोटोत हे एका नजरेत कळलं असतं. बाई थोरल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "हलल्याची रेघ आहे." "नसली तर?" "तर पुन्हा काढायला येईल." "नाही आली तर, सर?" डॉक्टर प्रेमाने हसले. "तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? त्यांचं असंच असतं. रुसतात, भांडतात, निघून जातात." बाई म्हणाल्या, "सर, काल माइक चालू राहिला होता." डॉक्टरांचं हसू क्षणभर जागच्या जागी थिजलं, मग ते म्हणाले, "ते बटण बदलून घ्या." बाईंना वाटलं होतं की आता काहीतरी होईल, म्हणजे त्यांचा चेहरा पडेल किंवा ते ओरडतील. बटण बदलून घ्या, एवढंच झालं. त्या खोलीत परत आल्या आणि संध्याकाळपर्यंत एकामागून एक छात्या काढत राहिल्या, आणि प्रत्येकाला "सोडा" इतक्या घाईने म्हणत राहिल्या की दोघातिघांचे फोटो हलले.

काम सुटल्यावर त्या घराकडे न जाता पुलाच्या उताराकडे चालू लागल्या. मोटार शिकवायची शाळा म्हणजे एक शटर, आत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि बाहेर पुढचा दिवा फुटलेली पांढरी गाडी. मास्तरीण टेबलाशी बसली होती. तिचे विद्यार्थी तिला मास्तरीण म्हणत असावेत, कारण निघता निघता एक जण तेच म्हणून गेला. तिने बाईंना ओळखलं आणि उठली नाही. बाईंच्या लगेच लक्षात आलं की ती खांदे उचलून श्वास घेते आहे, वरच्यावर, छोटे छोटे.

"गाडी शिकायची आहे?" मास्तरीण म्हणाली.

"नाही. म्हणजे लायसन्स आहे माझ्याकडे. तरुणपणी काढलं होतं, मग फाटकाच्या खांबाला ठोकली, तेव्हापासून कपाटात पडलंय." आपण हे का सांगतो आहोत ते बाईंना कळेना. "तुमचा फोटो पुन्हा काढायला हवा. आत्ताच. त्यात मला एक रेघ दिसली."

"तुम्हाला काल बरंच काय काय दिसलं."

बाईंनी मान खाली घातली. "हो," त्या म्हणाल्या. "दिसलं, आणि मी गप्प बसले. त्यांना म्हणायला हवं होतं की बाहेर व्हा. नाही म्हटलं. तुम्हाला सोडा म्हणायला हवं होतं, तेही नाही म्हटलं. माफी मागायला आले असते तर उद्या आले असते, फुलं घेऊन. आज त्या रेघेसाठी आलेय. दम कधीपासून लागतोय?"

"दुपारपासून," मास्तरीण म्हणाली. "बाई, ती खोली काही पहिली नाही माझ्या आयुष्यात. एका दवाखान्यात घसा दाखवायला गेले तर कपडे काढा म्हणाले. घसा दुखतोय म्हटलं, तरी काढा म्हणाले. एका ठिकाणी हातमोजे घालून चिठ्ठी घेतली माझ्याकडून. म्हणून मी जातच नाही, घरीच गोळ्या खाते. काल शेजारीण म्हणाली छातीचं आहे, हयगय करू नकोस, म्हणून गेले." तिला मध्ये थांबावं लागलं. "तुमचा आवाज दारात ऐकला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण म्हटलं, आवाज मोठा आहे, मनात काही नसेल."

"चला," बाई म्हणाल्या. "काचेमागे मी एकटी असेन. नाव मी घेणार नाही, तुम्ही सांगाल ते घेईन. टॅक्सी बोलावते."

"टॅक्सीत नाही." मास्तरीण टेबलाला धरून उठली. "मागच्या सीटवर पडून मला तिथे नेऊन टाकायचं नाही. माझ्या गाडीतून जाऊ. तुम्ही चालवा. शिकवायच्या गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. तो माझ्या पायाखाली राहील. मनात आलं तर दवाखान्याच्या दारातून परत फिरवीन. चालेल?"

चालेल म्हणण्यावाचून इलाज नव्हता. बाई चाकामागे बसल्या. दवाखाना फार लांब नव्हता, पण मधला रस्ता संध्याकाळचा होता, माणसं, सायकली, हातगाड्या, वळणारी बस. आपल्यामुळे एक जण कालच मरायला टेकली, आज दोघी मिळून मरू, असा विचार आला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. "क्लच हळू सोडा," मास्तरीण म्हणाली. दुसरा हिसका. "बाई, श्वास सोडा आधी." बाईंनी चमकून पाहिलं. "सगळेच रोखतात पहिल्यांदा. श्वास रोखून गाडी चालत नाही. सोडा. आता क्लच." गाडी निघाली. दुसऱ्या गिअरच्या वर ती गेलीच नाही. मागचे भोंगे वाजवत राहिले, एक जण काच खाली करून बाईंच्या अकलेविषयी बोलून गेला. मास्तरीण कुशीवर हात दाबून, मधेच थांबत, सांगत राहिली, आरशात बघा, डावीकडे घ्या, घाबरू नका, तो सायकलवाला आपोआप बाजूला होतो, त्यालाही जीव प्यारा आहे. तिच्या पायाखालचा ब्रेक एकदाही दाबला गेला नाही. दवाखान्याच्या फाटकाशी मात्र गाडी आपसूक थांबली. बाईंनी पायाकडे पाहिलं, त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. दोघी बसून राहिल्या. मागून पुन्हा भोंगा वाजला. या वेळी गप्प बसणंच बरोबर आहे असं त्यांना वाटलं. मग मास्तरणीने पाय उचलला.

संध्याकाळच्या पाळीचा माणूस चहाला निघाला होता, त्याला बाईंनी आणखी थोडा वेळ बाहेरच राहायला सांगितलं. बाहेरचं दार लावलं, त्यावरचा लाल दिवा पेटवला. तो दिवा पेटला की कोणी आत येत नाही, असा नियम; डॉक्टर तेवढे काचेच्या खोलीच्या आतल्या दाराने यायचे, त्या दाराला नियम नव्हता. कडी होती, गंजलेली, आजवर कुणी न लावलेली. बाईंनी ती तळहाताने ठोकून बसवली. गाऊन दिला, मागच्या दोऱ्या स्वतः बांधल्या, एक वर, एक खाली. मास्तरीण पाटीला छाती टेकून उभी राहिली. बाई काचेमागे आल्या आणि तेवढ्यात आतल्या दाराची कडी हलली. मग टकटक झाली. "कोण आहे आत?" थोरल्या डॉक्टरांचा आवाज, संध्याकाळच्या शिकवणीची वेळ होती. "उघडा, जरा पाहू द्या. कालचीच आहे ना ती केस?" शिकाऊंची कुजबुज ऐकू आली. ही नोकरी, हा माणूस, नवऱ्याच्या उशाशी ठेवलेला तो चहाचा कप, सगळं एकदम दाराच्या पलीकडे येऊन उभं राहिलं. त्यांनी माइकचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मग काचेकडे तोंड ठेवून, दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आपल्या त्या खड्या आवाजात त्या म्हणाल्या, "दार उघडणार नाही, सर. आत पेशंट आहे. ती बाई आहे आणि ती आजारी आहे. बघायला काही नाही."

"उद्या बोलू आपण," डॉक्टर दारापलीकडून म्हणाले, आणि पावलं दूर गेली. बाईंना रडू येत होतं, पण रडायला सवड नव्हती. पलीकडे ती पाठ हलली नव्हती. "श्वास घ्या," बाई म्हणाल्या. "जमेल तेवढाच. रोखून धरा." बोट दाबलं. "सोडा. सोडा आता." आणि माइकचं बटण अडकलं होतं तरी त्यांनी ते उचकटलं नाही. पलीकडचा श्वास खरखरत सुटलेला माइकशिवाय, काचेतूनही, ऐकू आल्यासारखा वाटला.

रेघ खरी होती. डावं फुफ्फुस निम्म्यापर्यंत आखडलं होतं. तातडीच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला, पेशंटकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, वॉर्डात घ्या, हवा काढायची नळी घालायला मी येतेच. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, आणि बाईंना एवढ्याचंही नवल वाटलं. चाकाची खुर्ची बाईंनी स्वतः ढकलत वर नेली. लिफ्टमध्ये त्यांना वाटत होतं की जे व्हायचं ते होऊन गेलं. वॉर्डाच्या दाराशी सिस्टरने हात आडवा केला तेव्हा कळलं, की आपण एका खोलीचं दार लावलं. या इमारतीला दारं पुष्कळ आहेत.

"पुरुषांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर," सिस्टर म्हणाली.

"बायकांच्या वॉर्डात घ्या," बाई म्हणाल्या.

"बाकीच्या बायका तक्रार करतील हो. मला उत्तर द्यावं लागतं. तोवर इथे बोळात ठेवू, सकाळी बघतील."

"नळी आत्ता घालायची आहे. बोळात घालणार? तक्रार करू देत. मी पलंगाशी बसते."

सिस्टरने बाईंना नीट निरखलं. एक्स-रेवाल्या बाई, खालच्या मजल्यावरच्या, तोंडओळखीच्या. "तुम्ही कोण यांच्या?" तिने विचारलं. कुत्सितपणे नाही, दवाखान्यात प्रत्येकाला विचारतात तसं.

बहीण म्हणावं तर खोटं. मैत्रीण म्हणायचा हक्क कुठला? "मी यांच्याकडे गाडी शिकते," त्या म्हणाल्या.

खुर्चीत मास्तरणीच्या खांद्यांना हिसका बसला, हसण्याचा की दुखण्याचा ते समजलं नाही. सिस्टरने वॉर्डाकडे वळून आत कुणाकुणाला जाग आहे ते पाहिलं. "खिडकीजवळचा पलंग घ्या," ती म्हणाली. "पडदा ओढून घ्या पण."

आत जाताना उशांवरची डोकी एकेक करून उचलली गेली. बाईंनी मास्तरणीला पलंगावर बसवलं आणि पडद्याला हात घातला. मग थांबल्या. "ओढू?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगाल तसं."

मास्तरणीने डोकी पाहिली, खिडकी पाहिली. "ओढा," ती म्हणाली. "आज ओढा." आणि बाईंच्या तोंडाकडे बघून, धापा टाकत, "श्वास सोडा, बाई."

बाईंनी सोडला. पडद्याच्या पलीकडे कुणीतरी हसलं, आणखी कुणी तरी हळू आवाजात काही विचारलं. कशावर हसले ते कळायला मार्ग नव्हता, आणि ते उद्याही हसणार होते, परवाही. पलंगाखाली एक स्टूल होतं. बाईंनी ते पायाने पुढे ओढलं आणि त्यावर बसल्या, मास्तरणीकडे तोंड करून, आपली पाठ त्या हसण्याकडे ठेवून.